उंबऱ्याबाहेरचा माणूस

'फादर, आता विश्वास ठेवायचा तरी कोणावर?' हा प्रश्न आम्ही आजवर किती वेळा ऐकला, त्याची गणती नाही. कुठेतरी एखाद्या निरपराध माणसाचा कारणावाचून खून होतो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, आणि रविवारच्या मिस्सानंतर अंगणात उभ्या असलेल्या आयाबाया हा प्रश्न आमच्यापुढे ठेवतात. आम्हीही ठरलेले उत्तर देत आलो. 'परमेश्वरावर विश्वास ठेवा, मुलांना सांभाळा, रात्री उशिरा बाहेर राहू देऊ नका.' उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे मात्र होते. किंबहुना त्या अपुऱ्या उत्तराने आम्ही एका अनर्थाला कसा हातभार लावला, हे सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे. वाचकांना या लेखात सांत्वन थोडे आणि भांडण अधिक आढळेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रारंभ आपल्याच समाजाच्या एका जखमेपासून करू. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात किनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस हे दोन तरुण मित्रमैत्रिणींसह जेवून एका उपाहारगृहाबाहेर उभे होते. सोबतच्या मुलींची एका गुंडाने छेड काढली. या मुलांनी त्याला हटकले, तेव्हा तो निघून गेला. थोड्या वेळाने तो साथीदारांना घेऊन परतला आणि भररस्त्यात सुऱ्यांनी दोघांना भोसकण्यात आले. किनन त्याच रात्री गेला. रूबेनने अकरा दिवस रुग्णालयात झुंज दिली आणि ३१ ऑक्टोबरला, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, त्यानेही प्राण सोडला. नोव्हेंबर हा आपण मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. त्या वर्षी मुंबईपासून वसईपर्यंत आणि पार आमच्या मराठवाड्यातील विखुरलेल्या कुटुंबांपर्यंत कितीतरी घरांत घरच्या मृतांच्या नावांबरोबर ही दोन नावेही घेतली गेली.

अशा मृत्यूचा शोक करणे फार कठीण असते. आजाराने माणूस गेला तर त्या आजाराला नाव असते. अपघातात गेला तर निदान रस्त्याचे ते वळण दाखवता येते. म्हातारपणी गेला तर देवाने बोलावले असे म्हणता येते. परंतु ज्याने आपले काहीही वाकडे केले नव्हते, त्याला कोणीतरी येता-जाता ठार करतो, तेव्हा मन कारण शोधू लागते आणि कारण सापडले नाही की ते स्वतःच एक तयार करते. आंबोलीनंतर आमच्या कानांवर आलेले पहिले तयार कारण हे होते: 'त्या पोरांनी मध्ये पडायलाच नको होते.' हे वाक्य आम्ही परक्यांच्या तोंडून नव्हे, आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकले. दफनविधीहून परतलेल्या माणसांनी, घरी तरुण मुलगे असलेल्या बापांनी ते आमच्यापाशी उच्चारले.

या वाक्याशी आमचे पहिले भांडण आहे. त्यामागची माया आम्हांला कळते. आपले लेकरू सुखरूप घरी यावे, यापलीकडे बापाला काय हवे असते? परंतु त्या वाक्याचा अर्थ नीट उलगडून पाहा. मैत्रिणीची छेड निघत असताना मुलाने खाली मान घालून चालू लागावे, असा तो अर्थ आहे. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना भल्या शोमरोन्याची गोष्ट शिकवतो, तिच्यावर चित्रे काढून घेतो, नाताळात नाटुकली बसवतो. मग एखादा मुलगा ती गोष्ट खरी मानून वागला, की त्याच्या शवपेटीपाशी उभे राहून 'मध्ये पडायला नको होते' असे म्हणतो. यातले एक काहीतरी बंद करावे लागेल. एक तर गोष्ट शिकवणे थांबवावे, नाही तर हे वाक्य तरी टाकून द्यावे.

शिवाय दोष कोठे होता? रस्त्यावर लोक होते. हत्या चालू असताना ते पाहत उभे राहिले आणि मदतीस कोणी आले नाही, ही हकीकत त्या वेळी सर्व वर्तमानपत्रांनी छापली. मध्ये पडणारे अधिक निघाले असते, तर दोघांचे रक्षण कदाचित झाले असते. दोन मुले मध्ये पडली हा दोष नव्हता. दोनच पडली, हा दोष होता. खटल्याचा निकाल लागायला साडेचार वर्षे गेली. ५ मे २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने चौघांना जन्मठेप दिली. तोवर मृतांच्या घरच्यांनी आणि साक्षीदार मित्रमैत्रिणींनी न्यायालयाच्या किती पायऱ्या झिजवल्या असतील, याचा विचार करावा. पाहत उभ्या राहिलेल्यांना मात्र काहीच झिजवावे लागले नाही.

'पोलिसांचा ससेमिरा कोण मागे लावून घेणार?' असे कोणी म्हणेल. हे भय निराधार होते असे आम्ही म्हणत नाही. पण तेव्हाची स्थिती आज जशीच्या तशी राहिलेली नाही. रस्त्यावरील अपघातात जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांनी वा रुग्णालयाने अडवून ठेवू नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने त्याला कायद्याचे बळ दिले. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली. ११२ या एकाच क्रमांकावर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना हाक मारता येते. योजना कागदावर राहतात, ही तक्रार खरी आहे. परंतु ज्या कागदाचे नावही आपल्याला ठाऊक नाही, तो अमलात आणा असे आपण कोणाला आणि कसे सांगणार?

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो.

२०१८ चा उन्हाळा जिंतूर तालुक्यातील लोकांना आठवत असेल. त्या मे-जूनमध्ये भ्रमणध्वनीवर एक निरोप गावोगाव फिरत होता. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, ते साधू, फकीर, भिकारी यांच्या वेशात येतात, मुलांना पळवून त्यांची मूत्रपिंडे काढून विकतात, असा त्याचा मजकूर. सोबत एक चित्रफीत असे. मोटारसायकलवरून आलेली दोन माणसे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. तिच्या शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि तुमच्या मुलांवर लक्ष ठेवा असा संदेश देतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा भारतभर धावू लागला.

तो आमच्याकडेही आला. आपल्यातल्याच एका काळजीवाहू गृहस्थाने पाठवला होता. आम्ही काय केले? तो खरा की खोटा याची चौकशी पोलीस ठाण्यात केली नाही. 'काळजी घ्यावी' एवढे दोन शब्द वर लिहून आम्ही तो आमच्या सर्व कुटुंबांना पाठवून दिला. एवढ्यावरही आम्ही थांबलो नाही. १ जुलै २०१८ च्या रविवारी मिस्साच्या शेवटी सूचना वाचताना आम्ही वेदीजवळून सांगितले, की अनोळखी माणसाला दारात उभे करू नये, विशेषतः झोळी घेऊन फिरणाऱ्यांना. लोकांनी माना डोलावल्या. आपल्या मेंढरांची काळजी घेतल्याचे समाधान मानून आम्ही जेवायला बसलो.

त्याच रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. तेथे झोळी घेऊन फिरणारे पाच जण आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्याकडचे. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला एवढे निमित्त झाले आणि 'पोरे पळवणारे आले' अशी हाकाटी उठली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, खोलीत कोंडले आणि तेथे पाचही जणांना ठार केले. ज्या खोलीत गावाचा कारभार चालतो, जन्ममृत्यूचे दाखले मिळतात, त्याच खोलीत हे घडले. त्याचीही चित्रफीत लोकांनी काढली, आणि ज्या वाटेने अफवा आली होती त्याच वाटेने तीही फिरली.

राईनपाड्यातील कोणालाही आमचा निरोप पोहोचला नव्हता आणि आमच्या सूचनेने तेथे कोणी हात उगारला नाही, हे आम्ही जाणतो. वकील आम्हांला निर्दोष ठरवील. पण पापनिवेदनाच्या कक्षात वकिलाला जागा नसते. जी गोष्ट राईनपाड्यात लाठीने केली गेली, तीच आम्ही जिभेने केली होती. आमच्या ऐकणाऱ्यांच्या हाती त्या दिवशी कोणी झोळीवाला सापडला नाही, एवढाच काय तो फरक.

झोळीवाला माणूस आम्हांला एवढा परका कधीपासून झाला? आमच्या लहानपणी डवरी गोसावी दारी आला, की घरात मुलांना भीती नव्हे, कुतूहल वाटे. वासुदेव, गोंधळी, पांगुळ, नंदीबैलवाला, कडकलक्ष्मीवाला यांच्या येण्यावरून आजी महिना ओळखत असे. आपण ख्रिस्ती, आपल्या श्रद्धा वेगळ्या, पण सुपातले जोंधळे देताना आमच्या घरी कोणी त्याची देवता विचारली नाही. या माणसांचा इतिहासही सुखाचा नाही. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा करून देशातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कायदा गेला तरी फिरत्या माणसाकडे पाहण्याची ती नजर मागे राहिली, आणि यादीत ज्यांचे नाव कधी नव्हते त्यांनाही तिने सोडले नाही. पोट फिरतीवर असणे हाच ज्यांचा गुन्हा, त्यांच्या हातात भ्रमणध्वनीच्या युगात संशयाचे नवे प्रमाणपत्र आले.

आणि फिरती म्हणजे काय, हे आम्हां जिंतूरकरांना कोणी शिकवायला नको. दसरा-दिवाळीनंतर येथून ट्रकच्या ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात. पुण्यामुंबईला बांधकामावर जाणारे वेगळेच. सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि शाळेपुरती मागे ठेवलेली पोरे उरतात. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला रात्री कुत्रे भुंकले तरी झोप लागत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तिच्या भयाची थट्टा करण्याचे पाप आम्ही करणार नाही. परंतु त्याच रात्री तिचा मुलगा आणि सून कोठे असतात? कोठल्यातरी परमुलखात, पालाच्या झोपडीत, अनोळखी भाषेच्या गावाशेजारी. तेथल्या आजीच्या लेखी आपला मुलगाच तो परका माणूस आहे. तेथे कोणी हाकाटी केली, तर त्याला ओळखणारे तेथे कोण असेल?

येथे आमचे दुसरे भांडण सुरू होते. 'बाहेरच्यांना गावात येऊच देऊ नये' असे म्हणणारे सज्जन आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही एक जुनी घटना आठवायला सांगतो. २५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी पुण्यात स्वारगेट आगारातून एस.टी.च्या एका चालकाने एक बस पळवली आणि दिसेल त्या रस्त्याने, दिसेल त्या माणसावर घातली. ९ जणांचा बळी गेला. याहून अकारण हत्या कोणती असेल? तरी दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या बसस्थानकावर काय दिसले? परभणीची गाडी लागली आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. एस.टी.चे सारे चालक खुनी आहेत, अशी अफवा कोणी उठवली नाही आणि उठवली असती तरी कोणी मानली नसती. कारण चालक आपल्या ओळखीचा आहे. रात्री मुक्कामी येणारा, पारावर दात घासणारा, आपल्या म्हातारीला हात देऊन उतरवणारा तो माणूस आपण पाहिला आहे. एकाचा गुन्हा त्या एकाचाच, हे तत्त्व आपल्याला ठाऊक आहे तर! मग डवऱ्याच्या बाबतीत, फकिराच्या बाबतीत, परप्रांतीय मजुराच्या बाबतीत ते कोठे जाते? जो ओळखीचा, त्याला न्याय. आणि जो अनोळखी, त्याला काठी, असा हा हिशेब आहे. याला सावधगिरी हे नाव शोभत नाही.

जे न्यायबुद्धीने पटत नसेल ते निदान स्वार्थाने तरी पटावे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. एक साधू सत्तरीचा होता. ते एका अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतेकडे निघाले होते. चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवेने त्या भागातील गावे रात्री पहारा देत होती, आणि पोलीस समोर असतानाही त्यांना वाचवता आले नाही. शोक करण्यासारखी आणि लाज वाटण्यासारखी ही घटना. पुढे काय झाले? तपासात अफवेचे कारण पुढे आले. पण तत्पूर्वीच काही वाहिन्यांनी आणि काही संघटनांनी संशयाचे बोट मुसलमानांकडे आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे दाखवले होते. त्या दिवसांत आमच्या अनेक धर्मबंधूंना आणि धर्मभगिनींना आपल्याच ओळखीच्या गावांत पाऊल ठेवताना धाकधूक वाटली. आम्हांलाही वाटली. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेदीजवळून ज्या संशयाला आसरा दिला होता, तो फिरून आमच्याच दाराशी आला. संशयाला मालक नसतो. आज तो झोळी पाहतो, उद्या टोपी पाहील, परवा गळ्यातला क्रूस पाहील. महाराष्ट्रात आपण मूठभर आहोत. परक्याला मारण्याची मुभा ज्या समाजात मिळते, तेथे मूठभरांनी सुरक्षित असल्याची कल्पना करणे, हा शुद्ध भाबडेपणा आहे.

मराठवाड्याला तर हा धडा नवा नाही. १९४७-४८ सालच्या रझाकारांच्या रात्री पाहिलेली म्हातारी माणसे आम्ही तरुण असताना हयात होती. गाव सोडून सरहद्दीपलीकडे पळालेल्यांच्या कहाण्या त्यांच्या तोंडून ऐकल्या. पण त्याच म्हाताऱ्यांपैकी काही जण आवाज खाली आणून दुसरी कहाणीही सांगत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूड उगवण्यात आला तो रझाकारांवरच नव्हे. ज्यांनी कधी हत्यार धरले नव्हते असे शेजारीही त्यात गेले. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने या हत्यांची नोंद केली, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातील उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे होती. पहिले भय खरे होते, तो अन्यायही खरा होता. तरीही त्यातून जन्मलेला सूड चुकीच्या दारावर गेला. खऱ्या भयाने केलेला अन्याय हा न्याय होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 'पोलीस येत नाहीत, खटले वर्षानुवर्षे चालतात, मग लोकांनी हातावर हात ठेवून बसावे काय?' असे लोक विचारतात. तालुक्याच्या ठाण्यापासून दूर, रात्री वीज नसलेल्या वाडीवर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. त्याला आम्ही १९६८ ची मुंबई आठवायला सांगू. उत्तर उपनगरांत रात्रीच्या अंधारात पदपथावर आणि झोपड्यांत झोपलेल्यांची डोकी लोखंडी हत्याराने फोडणारा एक खुनी हिंडत होता. मरणारे सारे गरीब, एकमेकांशी संबंध नसलेले. त्याचे नाव रामन राघव. सारे शहर भयाने गारठले होते. त्याला अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी पकडले ते जमावाने नव्हे. ॲलेक्स फियालो नावाच्या पोलीस उपनिरीक्षकाने, हाती असलेल्या वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखले. बोटांच्या ठशांनी ओळख पक्की झाली. तपासाची धुरा वाहणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्याच्याकडून सारे वदवून घेतले. हाच माणूस काही वर्षांपूर्वी पोलिसांच्या ताब्यात येऊन पुराव्याअभावी सुटला होता, ही त्यांची चूकही सांगितली पाहिजे. परंतु त्या वेळची जुनी नोंद जपून ठेवलेली होती, म्हणून पुढे ती कामी आली. जमावाकडे नोंद नसते, ठसे नसतात, चूक दुरुस्त करण्याची सोय नसते. जमावाने मारलेला माणूस निर्दोष होता हे दुसऱ्या दिवशी कळले, तर जमाव कोणाकडे अपील करणार? राईनपाड्यात ती पाच माणसे मेली, आणि त्यांच्या मरणाने एकही मूल अधिक सुरक्षित झाले नाही, कारण पळवणारी टोळी मुळात नव्हतीच.

शासनाला आम्ही मोकळे सोडत नाही. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी सविस्तर आदेश दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी यासाठी नेमावा, खटले जलदगती न्यायालयांत चालवून शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, बळींच्या कुटुंबांसाठी भरपाईची योजना करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. संसदेने वेगळा कायदा करावा, अशी शिफारसही होती. १ जुलै २०२४ रोजी नवी भारतीय न्याय संहिता अमलात आली. योगायोग असा, की राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली. तिच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितली आहे. पण निव्वळ अफवेवरून केलेल्या हत्येचा त्या यादीत उल्लेख नाही. 'तत्सम' या एका शब्दाच्या पोटात ती बसवायची की नाही, हे प्रत्येक वेळी न्यायालयाने ठरवायचे. आपल्या लोकप्रतिनिधींना मते मागायला आल्यावर विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. तो आजवर किती जणांनी विचारला?

भांडण पुरे झाले. आता काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट. ज्याची खातरजमा केली नाही, असा भयाचा निरोप आमच्या कोणत्याही कुटुंबाने पुढे पाठवू नये. आधी पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलाकडे विचारावे. हा नियम आम्ही प्रथम स्वतःला लावून घेतला आहे. दुसरी गोष्ट. गावात परका माणूस आला, तर त्याला पिटाळण्याऐवजी त्याचे नाव, गाव विचारावे, पाणी द्यावे आणि पोलीस पाटलाला कळवावे. विचारपूस करण्यात अपमान नाही. ज्याची विचारपूस झाली तो परका राहत नाही, आणि खरोखरच कोणी वाईट हेतूने आला असेल तर चार जणांना आपले नाव ठाऊक झाले, याचाच त्याला धाक बसतो. तिसरी गोष्ट. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना रात्रीची सोबत आळीपाळीने द्यावी. आजीचे भय उपदेशाने जात नाही, पण शेजारच्या घरातला कोणी ओसरीवर झोपायला आला की जाते. चौथी गोष्ट, आणि ही तरुणांसाठी. कोणाची छेड निघत असेल, कोणाला मार पडत असेल, तर मध्ये पडा, पण एकट्याने नव्हे. ओरडा, लोक गोळा करा, ११२ क्रमांक फिरवा. आणि नंतर साक्ष द्यायला जा. तुमच्याबरोबर न्यायालयात येऊन बसण्याची जबाबदारी आमच्यासह प्रत्येक धर्मगुरूची आहे. साक्षीदार मुलगी एकटी बाकावर बसलेली दिसली, तर तो संपूर्ण धर्मग्रामाचा पराभव समजावा.

शेवटची गोष्ट शोकाविषयी. ज्यांच्या घरचे माणूस असे अकारण गेले, त्यांच्याकडे आपण दफनविधीला जातो, सातव्या दिवसाच्या मिस्साला जातो, मेणबत्त्या घेऊन मोर्चातही चालतो. वर्षानंतर मात्र कोणी जात नाही. खटल्याच्या तारखा त्यानंतरच सुरू होतात. शोकाला सोबत मिळाली नाही, की तो भयात रूपांतरित होतो, आणि भयाला वाट मिळाली नाही की ते कोणाच्या तरी झोळीवर तुटून पडते. म्हणून शोकसंतप्त घराला तिसऱ्या वर्षी दिलेली भेट ही गावाच्या सुरक्षिततेचीही बाब आहे.

२०१८ च्या जुलैतील पुढच्याच रविवारी आम्ही वेदीजवळ उभे राहिलो आणि आधीच्या रविवारची सूचना मागे घेतली. राईनपाड्याच्या पाच मृतांसाठी प्रार्थना केली. काहींना ते आवडले नाही. एका ज्येष्ठ गृहस्थांनी अंगणात आम्हांला गाठून विचारले, 'फादर, उद्या खरोखरच कोणी पोर उचलले, तर जबाबदार कोण?' आम्ही म्हणालो, 'त्या पोरासाठी आपण सगळे शोधायला निघू, आणि सर्वांत पुढे मी असेन. पण वाटेत जो पहिला अनोळखी भेटेल, त्याला मी आधी वाट विचारीन.' ते काही बोलले नाहीत. त्यांचे समाधान झाले असे आम्हांला वाटत नाही.

'विश्वास ठेवायचा तरी कोणावर?' या प्रश्नाला आमच्यापाशी आजही पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगतो. त्या पावसाळ्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या फाटकापाशी एकही झोळीवाला फिरकला नाही. दोन वर्षे गेली, तीन गेली. मग एका सकाळी एक डवरी आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, डमरू झोळीतच ठेवलेला. त्याने आधी आपले ओळखपत्र काढून हातात धरले आणि मग हाक दिली. भिक्षा मागण्याआधी स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर आली होती. ती आपण आणली. आम्ही फाटक उघडले आणि त्याला म्हटले, 'ते कागद ठेवा आत. कोणते गाव तुमचे?'

तो बोलू लागेपर्यंत बराच वेळ गेला.